अन्नमार्गे येणारा औषध-प्रतिरोध : वैद्य आणि औषधनिर्माते यांच्यासमोरील प्रश्न

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांची पहिली प्रतिक्रिया 'हा प्रश्न आधुनिक वैद्यकाचा आहे' अशी असते. ज्यांनी ही औषधे शोधली आणि मुक्तहस्ते वापरली, त्यांनीच आता त्यांचे परिणाम निस्तरावेत, असाही सूर आपल्या बैठकांतून अधूनमधून ऐकू येतो. हा सूर आम्हांला मान्य नाही. याचे पहिले कारण असे की, प्रतिरोधी जीवाणू रुग्ण कोणत्या पॅथीचा आहे हे विचारून त्याच्या शरीरात शिरत नाहीत. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. दूध, मध, गोमूत्र आणि शेतातून येणाऱ्या वनस्पती ही आपल्या औषधनिर्मितीची मूलद्रव्ये आहेत आणि प्रतिरोधाचा प्रवास आज नेमका याच वाटेने होत आहे. तो आपल्या चिकित्सालयापर्यंत आणि निर्माणशाळेपर्यंत कसा पोहोचतो व त्याबाबत आपण काय करू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गोठ्यातून ताटात

१९४८ साली ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविक उपलब्ध झाले. त्यानंतर लवकरच अमेरिकेतील संशोधकांच्या लक्षात आले की, या औषधाच्या निर्मितीनंतर उरलेला चोथा कोंबडीच्या पिलांना खाऊ घातला असता ती अधिक वेगाने वाढतात. रोग नसताना, केवळ वजन वाढावे म्हणून खाद्यात अल्प मात्रेने प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा येथून सुरू झाली आणि पाहता पाहता जगभर पसरली. अल्प मात्रा आणि दीर्घ काळ हा संयोग जीवाणूंना औषध पचविण्याचे शिक्षण देणाराच होय. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेच्या याच धोक्याचा इशारा दिला होता.

पुढे १९५९ साली जपानमधील संशोधकांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. अतिसार घडविणाऱ्या शिगेला जीवाणूची प्रतिरोधशक्ती आतड्यातील ई. कोलाय या सर्वसामान्य जीवाणूकडे आणि त्याच्याकडून परत शिगेलाकडे जाऊ शकते. ही देवघेव प्लाझ्मिड नावाच्या लहानशा वर्तुळाकार जनुकखंडामार्फत होते. याचा अर्थ असा की, रोग न करणारा जीवाणूही प्रतिरोधाचा भारवाही होऊ शकतो. कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू मांसासोबत स्वयंपाकघरात येतो, तेथून मनुष्याच्या आतड्यात जातो आणि तेथील रोगकारक जीवाणूच्या हाती आपली विद्या देऊन मोकळा होतो. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ साली, मनुष्याच्या उपचारासाठी लागणारी प्रतिजैविके पशूंच्या वाढीसाठी वापरू नयेत, अशी शिफारस केली ती याच आधारावर. स्वीडनने १९८६ साली अशा वापरावर बंदी आणली. संपूर्ण युरोपीय संघात ती लागू होण्यास मात्र २००६ साल उजाडावे लागले.

डेन्मार्कमधील उद्रेक

गोठ्यातील प्रतिरोध रुग्णशय्येपर्यंत पोहोचतो, हे केवळ अनुमान नव्हे. १९९८ साली डेन्मार्कमध्ये साल्मोनेला टायफिम्युरियम डीटी १०४ या बहुप्रतिरोधी जीवाणूचा उद्रेक झाला. शोधपथकाने मलपरीक्षणाने सिद्ध झालेल्या २५ रुग्णांचा मागोवा घेतला. त्यांपैकी ११ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि २ जण दगावले. जीवाणूंच्या जनुकीय खुणा जुळवत गेल्यावर मूळ उगम डेन्मार्कमधीलच एका वराहांच्या कळपात असल्याचे दिसून आले. अशा प्रसंगी ज्या फ्लुओरोक्विनोलोन वर्गाच्या औषधांवर चिकित्सकांची भिस्त असते, त्यांचा गुणही या रुग्णांत कमी आला.

अमेरिकेत याच वर्गातील औषधांना कुक्कुटपालनासाठी १९९५ पासून परवानगी मिळाली होती. कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूत वाढत गेलेला प्रतिरोध पाहून, दीर्घ कायदेशीर वादानंतर, २००५ साली एन्रोफ्लॉक्सॅसिनचा कोंबड्यांतील वापर तेथील औषध प्रशासनाला मागे घ्यावा लागला. परवानगी देणे सोपे आणि ती काढून घेणे किती कठीण असते, हे या दहा वर्षांवरून समजून येते.

कोलिस्टिनचा धडा

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण कोलिस्टिनचे आहे. गेल्या शतकाच्या मध्यास सापडलेले हे औषध वृक्कांना अपायकारक म्हणून मनुष्यांच्या चिकित्सेत मागे पडले होते. पुढे इतर सर्व औषधे निष्प्रभ होऊ लागल्यावर अतिदक्षता विभागातील अखेरचा आधार म्हणून त्याला पुन्हा बोलावणे आले. परंतु दरम्यानच्या काळात ते वराह व कोंबड्यांच्या खाद्यात टनावारी मिसळले जात होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे 'एमसीआर-१' हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे प्रसिद्ध केले. २०११ ते २०१४ या काळात गोळा केलेल्या कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये, ८०४ पशूंपैकी १६६ मध्ये, तर रुग्णालयातील १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांमध्ये हे जनुक असलेला ई. कोलाय आढळला. पशूंत २१ टक्के, मांसात १५ टक्के आणि रुग्णांत १ टक्का हा उतरता क्रम पाहिला, म्हणजे प्रवाह कोणत्या दिशेने वाहत असावा याचा अंदाज येतो.

या कथेचा उत्तरार्ध आशादायक आहे. चीनने २०१७ पासून वाढीसाठी कोलिस्टिन वापरण्यास मनाई केली. त्यानंतरच्या पाहणीत वराहांमधील कोलिस्टिन-प्रतिरोधी ई. कोलायचे प्रमाण २०१५-१६ मधील ३४ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ५.१ टक्क्यांवर आले. मनुष्यांच्या आतड्यांतील एमसीआर-१ जनुकाचा आढळही २०१६ मधील १४.३ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ६.३ टक्क्यांवर उतरला. निदानपरिवर्जन हाच चिकित्सेचा पहिला पाठ आहे, असे मानणाऱ्या आपल्या परंपरेला या आकड्यांचे विशेष वाटावयास नको. हेतू दूर केला की विकार मागे हटतो.

भारतातही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक पशू, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनच्या उत्पादन, विक्री व वितरणावर बंदी घातली. २०२५ साली क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्याबाबत अन्नोत्पादक पशूंसाठी असेच पाऊल उचलले गेले. कायदे झाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु गावच्या दुकानात कोणती बाटली कोणाच्या हाती जाते, हे कायद्याच्या पुस्तकावरून कळत नाही.

अवशेष आणि जीवाणू : दोन भिन्न प्रश्न

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. अन्नातील औषधाचा अवशेष ही एक गोष्ट आणि अन्नातील प्रतिरोधी जीवाणू ही दुसरी. जीवाणू नीट शिजविल्याने वा दूध उकळल्याने मरतात. औषधाचा अवशेष मात्र उष्णतेने नाहीसा होईलच, अशी खात्री देता येत नाही. म्हणून 'आम्ही उकळून घेतो' हे उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरत नाही. उलट, अवशेषाची तपासणी निर्दोष आली, म्हणून त्या पदार्थावर प्रतिरोधी जीवाणू नाहीत, असेही सिद्ध होत नाही.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ साली राजधानी परिसरातील कोंबडीच्या ७० नमुन्यांची तपासणी केली, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मिळाले. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत, म्हणजे सुमारे १.२ टक्के नमुन्यांत, अवशेष मर्यादेबाहेर होते. दुधाचा आकडा लहान आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि कासदाहावर सडातून औषध सोडल्यानंतर ठरावीक दिवस ते दूध बाजूला काढावयाचे असते, हा नियम जेथे पाळला जात नाही, तेथील दूध कोणत्या घरी जाते हे सांगता येत नाही. उत्तम दूध असूनही विरजण लागत नाही, दही होत नाही, अशी तक्रार गृहिणी करतात. त्यामागे अनेकदा थंडी किंवा कमजोर विरजण असते, परंतु दुधातील प्रतिजैविक हेही त्याचे एक मान्य कारण आहे.

आपल्या निर्माणशाळेच्या दारात

आता आपल्या घराकडे वळू. उपरोक्त संस्थेनेच २०१० साली बाजारातील मधाच्या १२ नाममुद्रांची तपासणी केली. त्यांपैकी ११ मध्ये प्रतिजैविके आढळली. त्याच वर्षी युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबविली होती. ती २०११ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. मधमाश्यांच्या अळ्यांना होणाऱ्या रोगांवर पेट्यांतून ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखी औषधे दिली जातात आणि ती मधात उतरतात. आपल्याकडे मध हे अनुपान आहे, अवलेहांचे घटकद्रव्य आहे, बालकांच्या चाटणाचा आधार आहे. वैद्याने कासासाठी दिलेल्या सितोपलादीसोबत रुग्णाच्या पोटात टेट्रासायक्लिनचा अंश जात असेल, तर ती चिकित्सा कोणाची म्हणावी?

गोमूत्राचा विचार तर आपल्यातही क्वचितच होतो. पशूला दिलेल्या प्रतिजैविकाचा बराचसा भाग न बदलता मलमूत्रावाटे बाहेर पडतो. ज्या गाईवर त्या आठवड्यात उपचार चालू आहेत, तिचे मूत्र शोधनसंस्कारासाठी वा औषधासाठी ग्राह्य कसे मानावे? ग्रंथकारांनी द्रव्य कोठून आणि कशा अवस्थेतील घ्यावे, याविषयी इतका काटेकोरपणा दाखविला आहे की, आजच्या काळात त्यांनी 'औषधोपचार चालू असलेल्या पशूचे घेऊ नये' असे नक्कीच जोडले असते.

वनस्पतिद्रव्ये यातून सुटली आहेत, असेही नाही. २०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीमध्ये ई. कोलाय ओ१०४ या जीवाणूने सुमारे ३,८०० लोकांना ग्रासले आणि ५० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. अनेकांचे वृक्क निकामी झाले. शोध घेता घेता तपास मोड आणलेल्या मेथीपाशी येऊन थांबला. मेथीचे बी इजिप्तमधून आयात केलेले होते आणि मोड कच्चेच खाल्ले गेले होते. हा जीवाणू पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन वर्गांतील बहुतेक औषधांना दाद देत नव्हता. शिवाय अशा विषजनक ई. कोलायच्या विकारात काही प्रतिजैविकांनी जीवाणूचे विष अधिक सुटण्याचा धोका असतो. शाकाहारी मनुष्य या प्रश्नाच्या बाहेर आहे, ही समजूत या एका घटनेने खोडून निघते. आपल्याकडील मोडाची उसळ शिजवून खाण्याची रीत येथे निश्चितच हितकर ठरते.

औषधनिर्मात्यांनी यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. क्वाथ, आसव, तैल यांच्या निर्मितीत अग्निसंस्कार अथवा संधान असते. चूर्णांमध्ये ते नसते. उघड्या अंगणात, कोंबड्या-शेळ्यांच्या वावरात वाळलेले मूळ, ओढ्याच्या पाण्यात धुतलेली साल आणि ताज्या शेणखताच्या शेतातील पाने ही थेट दळली जातात. आयुर्वेदिक फार्माकोपियाने जीवाणूंच्या एकूण संख्येची मर्यादा घालून दिली आहे. ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास यांचा अभाव असावा, असेही म्हटले आहे. अनुसूची 'टी' २००० सालापासून लागू आहे. या चाचण्यांकडे केवळ परवान्याच्या नूतनीकरणाचा सोपस्कार म्हणून पाहण्याचे दिवस संपले आहेत.

अतिसाराची चिकित्सा आणि आपली लेखणी

आपल्या राज्यातील अनेक आयुर्वेद पदवीधर गरजेनुसार आधुनिक औषधे लिहितात, ही वस्तुस्थिती आहे. पावसाळ्यात दोन दिवसांच्या जुलाबासाठी आलेल्या बालकाला प्रतिजैविकाची बाटली देण्याचा मोह मोठा असतो. पालकांनाही तीच हवी असते. परंतु बालकांतील बहुसंख्य द्रवमलप्रवृत्ती विषाणुजन्य असते, आपोआप थांबणारी असते आणि तेथे प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नसतो. उलट आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू त्या औषधाने निवडून निवडून प्रतिरोधी होतात. गोठ्यात चालते तेच येथे लहान प्रमाणात घडते.

आपल्या शास्त्राने आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये, असे बजावले आहे. लंघन, पाचन, मुस्ता-शुंठी-धान्यकसिद्ध जल, लाजमंड, पेया हा क्रम सांगितला आहे. त्याला जलसंजीवनीची आणि १० ते १४ दिवस जस्ताची जोड दिली की, बहुतांश रुग्णांचे काम होते. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे रुग्ण वाचविले. जलाची पूर्ती हीच प्राणरक्षा, हे त्या अनुभवाने जगाला पटवून दिले. मात्र रक्तमिश्रित मल आणि तीव्र ज्वर, संतत ज्वर असलेला आंत्रज्वराचा संशय, डोळे खोल जाऊन मंदावलेले अर्भक, गर्भिणी अथवा क्षीण वृद्ध अशा प्रसंगी वेळ न दवडता रुग्णालयाची वाट धरावी. शक्य तेथे औषध देण्यापूर्वी रक्ताचे वा मलाचे जीवाणुसंवर्धन करून घ्यावे. प्रतिजैविक आवश्यक असेल तेथे ते योग्य मात्रेत मिळालेच पाहिजे. अभिमानापोटी ते टाळणे हाही दोषच होय.

एका कटू गोष्टीचा उच्चार येथे करावा लागतो. काही ठिकाणी बिननावाच्या पुडीत आधुनिक गोळी कुटून दिली जाते आणि रुग्णाला ते 'आयुर्वेदिक' म्हणून सांगितले जाते. अशा पुडीतील प्रतिजैविकाची मात्रा देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि पुढच्या चिकित्सकाला तर तिचा मागमूसही लागत नाही. रुग्णाची फसवणूक आणि प्रतिरोधाची पेरणी ही दोन्ही पापे एकाच पुडीत बांधली जातात. संघटनेने याविषयी मौन बाळगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पशूंच्या चिकित्सेत आपले योगदान

मनुष्याचे आणि पशूचे आरोग्य एकत्र पाहण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्राची अश्वचिकित्सा आपल्याच परंपरेतील आहेत. जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, जल, देश आणि काल यांच्या दुष्टीने साऱ्या वस्तीला ग्रासणाऱ्या विकारांचा विचार चरकाचार्यांनी केला आहे. आज राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गाईंच्या कासदाहासाठी कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा प्रसार दूध संघांमार्फत करीत आहे. हा लेप धुवून-काढून दिवसातून अनेकदा लावावा लागतो. कष्ट अधिक आहेत, पण सौम्य व आरंभीच्या विकारात तो गुणकारी ठरला, तर सडातून सोडल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाची एक मात्रा वाचते. ज्या वैद्यांचा ग्रामीण भागात वावर आहे, त्यांनी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने अशा उपचारांच्या नोंदी ठेवाव्यात. किती जनावरे, कोणती अवस्था, किती दिवसांत उतार, किती जणींना शेवटी प्रतिजैविक द्यावे लागले, हे लिहून ठेवलेले आकडेच उद्या प्रमाण ठरतील.

याच कारणास्तव दाव्यांबाबत संयम हवा. काचेच्या तबकडीत एखाद्या वनस्पतीच्या अर्काने जीवाणू मेले, याचा अर्थ रुग्णाच्या शरीरात ते चूर्ण तेच काम करील, असा होत नाही. 'आमचे औषध प्रतिरोधी जीवाणूंवरही रामबाण' अशी जाहिरात करणारा निर्माता रक्तदोषाच्या गंभीर रुग्णाला मृत्यूच्या दारात नेऊ शकतो. आपले बळ रोग होऊ न देण्यात, अग्निरक्षणात आणि अनावश्यक प्रतिजैविक टाळण्यात आहे. ते काही कमी नाही.

करावयाच्या गोष्टी

औषधनिर्मात्यांनी मध खरेदी करताना प्रत्येक घाण्याचा प्रतिजैविक-अवशेषांचा दाखला मागावा. दूध व गोमूत्र ठरावीक गोठ्यांतूनच घ्यावे आणि त्या गोठ्यांत उपचारांची वही ठेवण्याचा आग्रह धरावा. उपचाराधीन जनावराचे मूत्र वा दूध स्वीकारू नये. चूर्णांची जीवाणुचाचणी नियमित करावी आणि सदोष घाणा निःसंकोच बाद करावा. वैद्यांनी अतिसार, प्रतिश्याय यांसारख्या विकारांत प्रतिजैविक लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि न लिहिल्यास त्याचे कारण पालकांना समजावून सांगावे. रुग्णांना सांगण्यासारखे तर पुष्कळ आहे. कच्चे मांस कापलेली सुरी व पाट धुतल्याखेरीज कोशिंबिरीला लावू नये, दूध उकळूनच घ्यावे, उरलेली प्रतिजैविके शेजाऱ्याला वा जनावराला देऊ नयेत.

जीवाणूंच्या प्रतिरोधामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. भारताने २०१७ साली या विषयावरचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा आखला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात दुसरा जाहीर केला. अशा आराखड्यांत आपले स्थान कोणी आणून देईल, याची वाट पाहत बसू नये. येत्या तिमाहीत आपल्या प्रत्येक शाखेने निदान मधाच्या एका घाण्याची तपासणी करून घ्यावी आणि तिचा निष्कर्ष, अनुकूल असो वा प्रतिकूल, याच पृष्ठांवर प्रसिद्ध करावा, अशी आमची सूचना आहे.